रहस्यकादंबऱ्यांची मालिका एवढी का खपली, हे तपासावे कसे

कोकणच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत वाचनालयाच्या आधाराने वाचक मंडळे चालतात, आणि जगभर कोट्यवधी प्रती खपलेल्या अमुक रहस्यमालेत असे आहे तरी काय, हा प्रश्न त्यांच्या बैठकीत कधी ना कधी निघतोच. मग दोन तट पडतात. एकाच्या मते पुस्तक उत्कृष्ट आहे म्हणून खपले. दुसऱ्याच्या मते सगळी जाहिरातबाजी आहे आणि लोकांना काहीही चालते. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे बोलणे संपते आणि प्रश्न होता तिथेच राहतो, कारण दोघांनीही आपली आवडनिवड हेच खपाचे कारण धरलेले असते. हा प्रश्न बैठकीत किंवा लेखात नीट लावून धरायचा असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे हे पुढे सांगितले आहे. उदाहरणासाठी स्वीडिश पत्रकार स्टीग लार्सन यांची ‘मिलेनियम’ मालिका घेतली आहे. तिचा प्रकाशन-इतिहास तारखांसह सापडतो आणि तिच्याविषयी जी कारणे सर्रास सांगितली जातात, त्यांतली काही पहिल्याच तपासणीत गळून पडतात, म्हणून ती सरावाला चांगली.

आधी प्रश्न फोडून घ्यावा. पुस्तक चांगले आहे का, हा एक प्रश्न. ते खपले का, हा दुसरा. खपलेली प्रत वाचली गेली का, हा तिसरा. चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, तो म्हणजे पहिल्या दहा हजार वाचकांनी ज्या कारणाने पुस्तक घेतले त्याच कारणाने पुढच्या दहा लाखांनी घेतले का. माझ्या मते सगळी गुंतागुंत या चौथ्या प्रश्नात आहे. पहिल्या वाचकाला पुस्तकाविषयी कोणी काही सांगितलेले नसते; दहा लाखाव्या वाचकाला मात्र ते न घेतल्यास आपणच मागे राहिलो असे वाटू लागलेले असते. या दोघांना एकाच कारणाच्या दावणीला बांधले की उत्तर चुकते.

प्रश्न फोडल्यावर आकड्यांकडे वळावे आणि ते संशयाने वाचावेत. ‘बेस्टसेलर’ म्हणजे कोणाच्या यादीत, किती काळात आणि कशाच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला फारसे वजन नाही. न्यूयॉर्क टाइम्सची यादी १९३१ पासून निघते आणि ती आठवड्याच्या विक्रीवर ठरते; म्हणजे संथपणे वर्षानुवर्षे खपलेले पुस्तक एकूण संख्येने मोठे असूनही तिच्यात दिसणार नाही आणि एका आठवड्यात उसळलेले दिसेल. आपल्याकडे ‘सातवी आवृत्ती’ असे मुखपृष्ठावर छापलेले असते. मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याचा प्रघात जुना आहे आणि आता लागतील तशा छापण्याच्या सोयीमुळे त्याहून लहान आवृत्त्याही निघतात, तेव्हा आवृत्तीला प्रतींची संख्या विचारल्याशिवाय तो आकडा टिपून घेऊ नये. मालिकेच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. २०१५ मध्ये ‘मिलेनियम’चा चौथा खंड आला, तेव्हा आधीच्या तीन खंडांच्या मिळून आठ कोटी प्रती गेल्याचे सांगितले जात होते. हा आकडा तीन पुस्तकांचा, अनेक भाषांचा आणि दहा वर्षांचा आहे. आठ कोटी वाचक असा त्याचा अर्थ होत नाही.

यानंतर एक मोठा कागद घेऊन डाव्या बाजूला तारखा लिहाव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण निम्मे वाद त्यानेच मिटतात, कारण जे कारण परिणामाच्या नंतर घडले ते कारण असू शकत नाही. लार्सन यांचा मृत्यू ९ नोव्हेंबर २००४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने झाला, तेव्हा एकही खंड प्रसिद्ध झाला नव्हता. पहिला खंड स्वीडनमध्ये २००५ मध्ये, दुसरा २००६ मध्ये आणि तिसरा २००७ मध्ये निघाला. उत्तर युरोपातील गुन्हेकथांना दिला जाणारा ‘ग्लास की’ पुरस्कार पहिल्या खंडाला २००६ मध्ये मिळाला. इंग्रजी अनुवाद ब्रिटनमध्ये २००८ च्या जानेवारीत आणि अमेरिकेत त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आला. स्वीडिश चित्रपट २००९ चा आणि हॉलिवूडचा २०११ चा. २०१० च्या जुलैत किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तके वाचण्याच्या साधनावर, दहा लाख प्रती विकल्या गेलेले पहिले लेखक म्हणून लार्सन यांचे नाव जाहीर झाले.

आता लोकांनी सांगितलेली कारणे या कागदावर एकेक करून ठेवून पाहावीत. ‘चित्रपटामुळे खपली’ हे म्हणणे स्वीडनपुरते टिकत नाही, कारण तिथे तिन्ही खंड चित्रपटाच्या आधीच घरोघर पोहोचले होते. हॉलिवूडचा चित्रपट येण्याच्या वर्षभर आधी किंडलचा विक्रम झाला होता. चित्रपटांनी खप वाढवला हे खरे, सुरू केला नाही. ‘इंग्रजी नावामुळे खपली’ हेही असेच. मूळ स्वीडिश नावाचा अर्थ ‘स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष’ असा आहे आणि इंग्रजी आवृत्तीत त्याजागी ‘ड्रॅगनचे गोंदण असलेली मुलगी’ अशा अर्थाचे नाव आले; ते अधिक विकाऊ आहे यात शंका नाही, पण स्वीडिश वाचकांनी त्या कडू नावानिशीच पुस्तक उचलले होते. लेखकाच्या अकाली मृत्यूचे कारण मात्र तारखांनी खोडता येत नाही. तो आधी झालेला आहे आणि त्यामुळे वर्तमानपत्रांना सांगायला एक गोष्ट मिळाली. पुढे, बत्तीस वर्षे सोबत राहिलेली त्यांची सहचारिणी लग्न झालेले नसल्यामुळे वारसाहक्काबाहेर राहिली आणि सर्व हक्क वडील व भावाकडे गेले, ही दुसरी गोष्ट मिळाली. अशा कारणासाठी वेगळी कसोटी लागते.

ती कसोटी म्हणजे न खपलेले पुस्तक. जे कारण सांगितले जाते ते लागू असूनही पडून राहिलेले पुस्तक शोधायचे आणि ते खपलेल्या पुस्तकाशेजारी ठेवायचे. लेखकाच्या मृत्यूनंतर निघालेली आणि कोणाच्याही लक्षात न राहिलेली पुस्तके कोणत्याही वाचनालयाच्या मागच्या कपाटात मिळतात. म्हणजे मृत्यू एकटा पुरत नाही. ‘समाजातील अन्यायावर बोट ठेवले म्हणून खपली’ या कारणाचीही हीच गत होते. स्वीडनमध्ये माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात दहा कादंबऱ्यांमधून नेमके हेच केले होते, आणि १९९१ पासून हेनिंग मानकेल यांचा कर्ट वालांडर हा पोलीस अधिकारी तेच करत होता. या पुस्तकांनाही मोठा वाचक मिळाला, पण आठ कोटींची लाट आली नाही. मग सामाजिक आशय हे कारण टाकून द्यावे का? तसेही नाही. या आधीच्या लेखकांनी वाचक, अनुवादक आणि प्रकाशक यांची जमीन नांगरून ठेवली होती, एवढे त्यावरून म्हणता येते. लाट येण्यासाठी जे हवे असते आणि लाट ज्याने येते, त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि टिपणात त्या वेगळ्या ओळींवर लिहाव्यात.

आतापर्यंतचे काम पुस्तक न उघडताही करता येते. पण पुस्तक उघडल्याशिवाय सर्वांत लोकप्रिय कारण तपासता येत नाही, आणि ते म्हणजे ‘पहिल्या पानापासून पकड घेते’. या मालिकेच्या पहिल्या खंडावर हे विधान लावून पाहिले तर गंमत होते. आरंभीच्या छोट्या प्रकरणात ब्याऐंशी वर्षांच्या वृद्धाला वाढदिवशी दरवर्षीप्रमाणे चौकटीतले वाळलेले फूल टपालाने येते, कोण पाठवतो ते ठाऊक नाही. इथवर पकड आहे. त्यानंतर मात्र एका उद्योगपतीने पत्रकारावर केलेला बदनामीचा खटला, कंपन्यांचे व्यवहार, एका श्रीमंत घराण्याच्या तीन पिढ्यांची नावे आणि नाती, कोणी कोणती कॉफी प्यायली आणि कोणते सँडविच खाल्ले, हे सगळे पानोपानी येत राहते. दोन प्रमुख पात्रे एकमेकांना भेटतात तेव्हा जाडजूड पुस्तक जवळपास अर्धे झालेले असते. लेखनकार्यशाळेत असे हस्तलिखित कोणी आणले असते, तर पहिली शंभर पाने कापून टाका असे त्याला सांगितले गेले असते.

म्हणून पान-नोंद करावी. दर दहा पानांनंतर एका ओळीत लिहावे, की या क्षणी वाचकाला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि तो प्रश्न कधी पेरला गेला. हे चिकाटीने केले की दिसते, की संथ पानांच्या खालून एकच जुना प्रश्न वाहत असतो. १९६६ मध्ये एका बेटावरून एक मुलगी नाहीशी झाली. त्या दिवशी बेटाला जोडणाऱ्या एकमेव पुलावर अपघात होऊन वाट बंद पडली होती. म्हणजे ती गेली कुठे आणि गुन्हेगार आला कुठून? बंद जागा आणि मोजकी माणसे, ही गुन्हेकथेची शंभर वर्षे जुनी रचना आहे. खाडीवरचा पूल पाण्याखाली गेल्यावर पलीकडच्या वाडीत कोण अडकले आणि कोण नाही याची यादी तोंडपाठ असणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला तर ती चटकन उमगते. शिवाय पहिल्या खंडाच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वीडनमधील स्त्रियांवरील हिंसेची आकडेवारी दिलेली आहे. पुढे येणारी क्रूर दृश्ये वाचताना वाचकाला जो संकोच वाटला असता, तो या आकडेवारीमुळे कमी होतो. आपण चविष्ट हिंसा वाचत नसून गंभीर काही वाचतो आहोत अशी मुभा त्याला मिळते. हे माझे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच नोंदवावे, पण पानांवर बोट ठेवून ते दाखवता येते, हा त्याचा फायदा.

मालिका असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे दुसऱ्या खंडाकडे वाचक कशासाठी येतो. दशावतारी नाटकाला जाणाऱ्याला आख्यान ठाऊक असते, शेवटी असुराचा वध होणार हेही ठाऊक असते, आणि तरी तो पहाटेपर्यंत बसतो तो अमुक कलाकार आज राक्षस कसा रंगवतो ते पाहायला. रहस्यमालेचा वाचकही पहिल्या खंडानंतर कोड्यापेक्षा माणसासाठी येतो. ‘मिलेनियम’मध्ये ते माणूस म्हणजे लिस्बेथ सालांडर, फारसे न बोलणारी, संगणकात कुठेही शिरणारी आणि स्वतःचा सूड स्वतः घेणारी तरुणी. याची परीक्षा योगायोगाने झालेलीच आहे, कारण २०१५ चा चौथा खंड डेव्हिड लागरक्रांत्स या दुसऱ्याच लेखकाचा होता आणि तरी तो अनेक देशांत यादीत चढला. लेखणी बदलली, पात्र तेच राहिले. यावरून लार्सन यांची शैली नगण्य ठरत नाही. पण दहा वर्षांनंतरचा खप शैलीवर उभा नव्हता, एवढे निश्चित होते.

आता वाचनालयात जाऊन प्रत हातात घ्यावी. हा पुरावा छापील आकड्यांत सापडत नाही आणि तो आपल्याइतका सहज महानगरातल्या समीक्षकालाही मिळत नाही. आमच्या बाजूच्या एका वाचनालयात एका परदेशी रहस्यमालेचे तीन खंड आहेत. पहिल्या खंडाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्यांच्या दोन उभ्या ओळी भरून तिसरी सुरू झालेली आहे, आणि जुलै-ऑगस्टचे शिक्के एकमेकांवर चढलेले आहेत. दुसऱ्या खंडाची पहिली ओळही पुरी झालेली नाही. पहिला खंड मिटून त्याची पानांची कड उजेडात धरली, की अंगठ्याच्या मळाचा गडद पट्टा साधारण पहिल्या चौथाईपर्यंत जातो, मग फिका होतो आणि शेवटच्या बोटभर जाडीत पुन्हा दिसतो. म्हणजे बरेच वाचक एक चतुर्थांश वाचून शेवटाकडे गेले असावेत. मात्र आपल्या दमट हवेत बुरशीचे ठिपके सगळ्या कडेवर सारखे पसरतात. बोटांचा मळ पट्ट्यापट्ट्याने बसतो. हा फरक ओळखूनच नोंद करावी. त्याच प्रतीत सावंतवाडी-दादर प्रवासाचे तिकीट खुणेसाठी ठेवलेले होते, तेही पहिल्या चौथाईतच.

प्रत वाचनालयात आली कशी, हेही ग्रंथपालांकडे दाखल नोंदवहीत पाहावे. ती अनुदानातून घेतली गेली, एखाद्या सभासदाच्या आग्रहामुळे मागवली गेली, की गणपतीला आलेल्या चाकरमान्याने परत जाताना भेट दिली? इंग्रजी जाड कादंबऱ्या आपल्याकडे बऱ्याचदा या तिसऱ्या वाटेने येतात. मुंबईच्या पदपथावर स्वस्तात, कित्येकदा चोरून छापलेली प्रत घेतली जाते, गाडीत वाचली जाते आणि गावच्या घरात राहते. अशी प्रत कोणत्याही अधिकृत खपात मोजली जात नाही, तरी तिच्यामुळे चार वाचक तयार होतात.

मग वाचकांशी बोलावे. इथे प्रश्न कसा विचारला यावर सगळे अवलंबून असते. ‘तुम्हाला ते का आवडले?’ असे विचारले की माणूस परीक्षणात वाचलेले वाक्य परत करतो. त्याऐवजी त्याने काय केले ते विचारावे: पुस्तक कोणाकडून मिळाले, तेव्हा त्याविषयी काय ऐकले होते, किती दिवसांत संपले, पुढचा भाग नेला का, ते कोणाला दिले. वेंगुर्ल्याकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी, आबांनी, पहिल्या खंडाविषयी मला ठामपणे सांगितले, “खाली ठेवूक जमूक नाय!” आबा, मग दुसरा भाग कधी नेलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, “तो व्हरूक नाय. झील म्हणालो, चवथीक येताना हाडतंय. तेणां हाडूक नाय, मी पण इचारूक नाय.” म्हणजे तो भाग त्यांनी नेला नाही; मुलगा गणेशचतुर्थीला येताना आणतो म्हणाला होता, त्याने आणला नाही आणि यांनीही विचारले नाही. दोन्ही विधाने प्रामाणिक आहेत. मात्र टिपणात पहिले लिहायचे आणि दुसरे गाळायचे असे केले, तर खपाविषयी आपल्याला काहीच कळणार नाही.

इतके सगळे करूनही बराच भाग उरतो आणि तो योगायोगाचा असतो. हे मान्य करायला वाचक मंडळातील जाणकार नाखूश असतात, तेव्हा त्यांच्यापुढे दोन दाखले ठेवावेत. अमेरिकेत मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक लोकांना ४८ अपरिचित गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा कोणते गाणे उतरवून घेतले हे दिसत होते, आणि असे आठ गट एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवले होते. गाणी तीच असूनही गटागटांत वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे काहीही होऊ शकत होते. दुसरा दाखला थेट रहस्यमालेचाच आहे. एप्रिल २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या अनोळखी नावाने एक गुप्तहेर-कादंबरी निघाली. परीक्षणे बरी आली, पण ब्रिटनमध्ये पुठ्ठा-बांधणीच्या सुमारे दीड हजार प्रती गेल्या. जुलैत ते नाव जे. के. रोलिंग यांचे टोपणनाव असल्याचे फुटले आणि तेच पुस्तक, एकही ओळ न बदलता, विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. पुस्तकाच्या गुणामुळेच खप होतो असे म्हणणाऱ्याने एप्रिल आणि जुलै यांतला फरक समजावून द्यावा.

आपल्याकडच्या परंपरेवर हीच पद्धत वापरायची असेल, तर बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करणे सोयीचे. उत्तर कोकणातील अर्नाळा गावाची आठवण देणाऱ्या या टोपणनावाने त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळा पहाड ही त्यांची पात्रे कित्येक पिढ्यांच्या वाचकांना माहीत होती. इथे साहित्यगुणांची चर्चा करण्याआधी पुरवठ्याची बाजू तपासावी, म्हणजे पुस्तकाची किंमत काय होती, पाने किती, नवे पुस्तक किती दिवसांनी येई, फिरत्या वाचनालयात एका दिवसाचे भाडे किती पडे आणि एसटी स्टँडवरच्या दुकानात ते दर्शनी भागात टांगलेले असे का. लार्सन यांचे तीनच खंड होते आणि अर्नाळकरांचे हजार. दोन्ही ठिकाणी खप मोठा, पण दोन्हींना एकच स्पष्टीकरण लावायला गेलो तर दोन्ही निसटतील. जुनी मासिके आणि जाहिराती पाहायला रत्नागिरीचे १८२८ पासूनचे जिल्हा नगर वाचनालय किंवा वेंगुर्ल्याचे १८७१ चे नगर वाचनालय अशा जुन्या संस्थांकडे आधी विचारणा करावी.

शेवटी लेखी टिपण करताना प्रत्येक कारणापुढे तीन गोष्टी असाव्यात: ते खपाच्या आधी घडले का, तेच कारण असूनही न खपलेले पुस्तक कोणते, आणि ते कारण पहिल्या वाचकांना लागू आहे की नंतरच्या. तिन्ही रकाने भरता आले नाहीत, तर ते कारण ‘शक्यता’ या शीर्षकाखाली टाकावे. स्त्रियांवरील हिंसेचे चित्रण योग्य आहे का, असा नैतिक प्रश्न बैठकीत हमखास निघतो आणि तो महत्त्वाचाही आहे, पण त्याला वेगळी बैठक द्यावी. खपाच्या चर्चेत तो शिरला की दोन्ही चर्चा बुडतात. टिपणावर तारीख घालायला विसरू नये. ‘मिलेनियम’ मालिका २०२२ पासून कारिन स्मिर्नॉफ या तिसऱ्या लेखणीकडे गेली आहे, त्यामुळे पात्र आणि लेखक यांविषयी वर काढलेला निष्कर्ष पुढच्या खंडांच्या आकड्यांवर पुन्हा घासून पाहावा लागेल, आणि त्यासाठी जुना कागद वाचनालयाच्या फाइलीत लावून ठेवावा.